क्लाउडवर ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर किंवा डीबी२ नेताय? आधी परवाने मोजा, मग मशीन निवडा

कंपनीचा डेटाबेस स्वतःच्या सर्व्हर रूममधून उचलून सार्वजनिक क्लाउडवर न्यायचं काम ज्यांच्याकडे नुकतंच आलं आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. स्थलांतराच्या तांत्रिक बाजूवर वाचायला भरपूर मिळतं. बॅकअप कसा हलवायचा, नेटवर्क कसं जोडायचं, सेवा कमीत कमी वेळ बंद कशी ठेवायची, हे सगळं लोक अभ्यासतात. परवान्यांचा विषय मात्र शेवटच्या आठवड्यात निघतो. तोवर मशीनचा आकार ठरलेला असतो, आराखड्याला मंजुरी मिळालेली असते आणि मागे फिरणं अवघड होऊन बसतं.

माझा आग्रह एकच आहे: हा क्रम उलटा करा. व्यावसायिक डेटाबेसमध्ये मशीनचं भाडं हा खर्चातला लहान भाग असतो. मोठा भाग परवान्याचा आणि त्यावर दर वर्षी भराव्या लागणाऱ्या सपोर्टचा. तो मशीनमधल्या कोअरच्या, म्हणजे प्रोसेसरमधल्या स्वतंत्र गणन-एककांच्या, संख्येवर ठरतो. म्हणजे क्लाउडच्या कन्सोलवर (नियंत्रणाच्या पानावर) मशीनचा आकार निवडताना तुम्ही नकळत परवान्यांचीही खरेदी करत असता.

इथे ओरॅकल, मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम या तीन विक्रेत्यांचे नियम पाहू. सर्वात जास्त वेळ ओरॅकलवर देणार आहे, कारण तिथली चूक सर्वात महाग पडते.

पायरी १: आपल्या हातात नक्की काय आहे ते शोधा

कन्सोल उघडण्याआधी कागदपत्रं उघडा. मूळ करार, प्रत्येक खरेदीची ऑर्डर आणि सपोर्ट नूतनीकरणाचं ताजं बिल, एवढं तरी हाती हवं. खरेदी विभाग, लेखा विभाग आणि जुने डीबीए (डेटाबेस सांभाळणारे) अशा तीन ठिकाणी ही कागदपत्रं विखुरलेली असतात, तेव्हा या कामाला पुरेसा वेळ धरा.

मग एक साधी तक्ता-फाइल बनवा. प्रत्येक परवान्यासमोर उत्पादन, आवृत्ती, मोजमापाची पद्धत, संख्या, सपोर्ट चालू आहे की नाही, आणि परवाना कोणत्या कंपनीच्या नावावर आहे हे लिहा. शेवटचा रकाना अनेकजण गाळतात. समूहातल्या एका कंपनीने घेतलेला परवाना दुसऱ्या कंपनीला आपोआप वापरता येत नाही. करारात ग्राहकाची व्याख्या कशी केली आहे, यावर ते अवलंबून असतं. काही करारांत परवाना कोणत्या देशांत वापरायचा याचंही बंधन असतं, आणि क्लाउडवर दुसऱ्या देशातलं रीजन (डेटासेंटरचं ठिकाण) निवडणं हे एका क्लिकचं काम आहे.

आणखी एक गोष्ट बारकाईने पाहा. परवाना पूर्ण वापराचा आहे, की एखाद्या विशिष्ट अ‍ॅप्लिकेशनपुरताच? अकाउंटिंग, ईआरपी किंवा हॉस्पिटल व्यवस्थापनासारखं पॅकेज घेताना त्याच्याबरोबर डेटाबेसचा परवाना स्वस्तात मिळालेला असू शकतो. तो त्या पॅकेजपुरताच चालतो. त्याच डेटाबेसमध्ये स्वतःची टेबलं घालून स्वतःचे अहवाल चालवले, की तुम्ही त्या परवान्याच्या बाहेर गेलात.

पायरी २: परवाना स्वतःचा नेणार, की भाड्यातच घेणार?

क्लाउडवर दोन मार्ग असतात. पहिल्यात तुम्ही आधीच घेतलेला परवाना घेऊन जाता. दुसऱ्यात परवान्याची किंमत मशीनच्या तासाच्या दरात धरलेली असते. कोणता मार्ग कुठे उघडा आहे, हे उत्पादनावर ठरतं. अ‍ॅमेझॉनच्या आरडीएस या तयार डेटाबेस देणाऱ्या सेवेत ओरॅकलचा परवाना भाड्यात हवा असेल, तर फक्त स्टँडर्ड एडिशन २ ही लहान आवृत्ती मिळते. एंटरप्राइझ एडिशन या मोठ्या आवृत्तीसाठी परवाना स्वतःचाच लागतो. एसक्यूएल सर्व्हर मात्र भाड्यासकट अ‍ॅमेझॉन, अझ्युर, गूगल अशा सगळ्या मोठ्या क्लाउडवर सहज मिळतो.

निवड कशी करायची? मशीन दिवसातले काहीच तास किंवा वर्षातले काहीच महिने चालणार असेल, तर भाड्याचा मार्ग बहुधा परवडतो. अहोरात्र चालणारं काम असेल आणि सपोर्टसकट परवाने आधीच हाती असतील, तर ते वापरा. भाड्याच्या मार्गाचा आणखी एक मोठा फायदा आहे आणि तो किमतीच्या तक्त्यात दिसत नाही. तिथे मोजणीची जबाबदारी बऱ्याच अंशी क्लाउड कंपनीकडे जाते. परवान्यांवर लक्ष ठेवायला माणूस नसलेल्या छोट्या संघाला मी हाच मार्ग सुचवेन, थोडा महाग पडला तरी.

पायरी ३: एक व्हीसीपीयू म्हणजे काय, ते समजून घ्या

पुढची सगळी गणितं यावर उभी आहेत. आजच्या बहुतेक इंटेल प्रोसेसरमध्ये एका भौतिक कोअरवर दोन थ्रेड (कामाचे दोन प्रवाह) चालतात आणि क्लाउड कंपन्या प्रत्येक थ्रेडला एक व्हीसीपीयू म्हणतात. म्हणजे १६ व्हीसीपीयूच्या मशीनमागे खरे कोअर ८ असतात.

पण हे सगळीकडे खरं नाही. अ‍ॅमेझॉनच्या एएमडीवर चालणाऱ्या एम७ए आणि आर७ए मशीनमध्ये प्रत्येक व्हीसीपीयू हा स्वतंत्र भौतिक कोअर असतो. इंटेलचं मशीन असो की हे, कन्सोलवर दोन्हींसमोर ‘८ व्हीसीपीयू’ हेच लिहिलेलं दिसतं, पण ओरॅकलच्या नियमानुसार इंटेलच्या मशीनला ४ परवाने लागतात आणि याला ८. आर७एचा एकेक कोअर ताकदवान आहे आणि कमी व्हीसीपीयूत काम भागेल, असा हिशेब करून ते मशीन घेतलंत तर ठीक. नुसता व्हीसीपीयूंचा आकडा पाहून घेतलंत, तर परवान्यांची संख्या दुप्पट होईल.

पायरी ४: ओरॅकलची मोजणी

इतरांच्या क्लाउडवर आपले परवाने कसे मोजायचे, हे सांगणारं एक छोटं धोरणपत्र ओरॅकल प्रसिद्ध करतं. त्यात मान्यताप्राप्त क्लाउडची यादी आहे. आधी अ‍ॅमेझॉन आणि अझ्युर होते, २०२४ मध्ये गूगल क्लाउडही आलं. या यादीतल्या क्लाउडवर एंटरप्राइझ एडिशनचा नियम असा: हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड) चालू असेल तर २ व्हीसीपीयूंना १ प्रोसेसर परवाना, बंद असेल तर १ व्हीसीपीयूला १ परवाना.

नवख्या माणसाला धक्का बसतो तो याच्या पुढच्या ओळीत. स्वतःच्या सर्व्हरवर ओरॅकल ‘कोअर फॅक्टर’ लावतं. इंटेलच्या नेहमीच्या सर्व्हर प्रोसेसरसाठी तो ०.५ आहे, म्हणून ८ कोअरच्या सर्व्हरला ४ परवाने पुरतात. मान्यताप्राप्त क्लाउडवर हा गुणक लागू होत नाही. त्याच ८ कोअरच्या ताकदीचं मशीन क्लाउडवर १६ व्हीसीपीयूचं असतं आणि त्याला ८ परवाने लागतात. काम तेच, ताकद तीच, परवाने दुप्पट. ‘आमच्याकडे पुरेसे परवाने आहेत’ असं तुम्हाला कोणी सांगितलं, तर तो हिशेब जुन्या सर्व्हरचा आहे की क्लाउडचा, हे लगेच विचारा.

आकडे घालून पाहू. ओरॅकलच्या जाहीर दरपत्रकात एंटरप्राइझ एडिशनच्या एका प्रोसेसर परवान्याची किंमत ४७,५०० डॉलर आहे आणि सपोर्ट दर वर्षी परवान्याच्या रकमेच्या २२ टक्के. १६ व्हीसीपीयूच्या मशीनचे ८ परवाने म्हणजे ३,८०,००० डॉलर, आणि शिवाय दर वर्षी ८३,६०० डॉलरचा सपोर्ट. प्रत्यक्षात घासाघीस होऊन सूट मिळते, पण प्रमाण लक्षात यायला हे आकडे पुरेसे आहेत.

हा गुणक पूर्वी क्लाउडवरही चालत असे. जानेवारी २०१७ मध्ये ओरॅकलने धोरणपत्र बदललं आणि तो काढून टाकला. धोरणपत्रातच लिहिलं आहे, की ते केवळ माहितीसाठी आहे आणि कराराचा भाग नाही. मग तुमच्यावर बंधनकारक काय? तुमचा करार. पण ऑडिटच्या टेबलावर ओरॅकलची माणसं बोलतात ती या धोरणपत्राच्या भाषेत, त्यामुळे ते दुर्लक्षून चालत नाही. मी दोन गोष्टी करायला सांगते. निर्णय घ्याल त्या दिवशी धोरणपत्राची प्रत उतरवून तारखेसह जपून ठेवा. आणि नवी खरेदी करत असाल, तर क्लाउडवरच्या मोजणीचा नियम ऑर्डरच्या कागदातच लिहून घ्या. खरेदीच्या आधी विक्रेता ऐकतो, नंतर नाही.

यादीत नसलेल्या क्लाउडवर ओरॅकल न्यायचं असेल, तर हा सोयीचा नियमही मिळत नाही. तिथे प्रश्न भौतिक प्रोसेसरवर जातो, आणि दुसऱ्याच्या डेटासेंटरमध्ये तुमचं व्हर्च्युअल मशीन कोणत्या भौतिक मशीनवर फिरतंय हे तुम्ही दाखवू शकत नाही. तिथे लेखी मान्यतेशिवाय जाऊ नका.

स्टँडर्ड एडिशन २ ची मोजणी वेगळी आहे. ४ किंवा त्याहून कमी व्हीसीपीयूंना १ परवाना, आणि त्यापुढे दर ४ व्हीसीपीयूंना आणखी १. पण मान्यताप्राप्त क्लाउडवर ही आवृत्ती ८ व्हीसीपीयूपर्यंतच्याच मशीनवर वापरता येते. ८ व्हीसीपीयूचे २ परवाने, दरपत्रकानुसार प्रत्येकी १७,५०० डॉलर, म्हणजे ३५,०००. त्याच मशीनवर एंटरप्राइझ एडिशनचे ४ परवाने १,९०,००० डॉलरला पडतात. त्यामुळे ‘आपल्याला खरंच एंटरप्राइझ एडिशन लागते का?’ हा प्रश्न स्थलांतराच्या निमित्ताने एकदा गंभीरपणे विचारा. पार्टिशनिंग (मोठ्या टेबलांचे तुकडे पाडणं), डेटा गार्ड (दुसरीकडे राखीव प्रत ठेवणं), पॅरलल क्वेरी (एकच क्वेरी अनेक कोअरवर चालवणं) या एंटरप्राइझच्या सुविधांतलं काहीच वापरात नसेल, तर उत्तर ‘नाही’ असू शकतं, आणि त्या एका उत्तरात या लेखातल्या बाकी सगळ्या युक्त्यांपेक्षा जास्त बचत आहे.

वापरकर्त्यांच्या संख्येवरचा परवाना, म्हणजे नेम्ड यूझर प्लस, हाही पर्याय आहे. एंटरप्राइझ एडिशनमध्ये प्रत्येक प्रोसेसर परवान्यामागे किमान २५ वापरकर्ते धरावे लागतात आणि दर माणशी ९५० डॉलर. आपल्या १६ व्हीसीपीयूच्या मशीनला किमान २०० वापरकर्ते, म्हणजे १,९०,००० डॉलर. प्रोसेसरच्या हिशेबाच्या निम्मे. मात्र इथे एक फसवी जागा आहे. अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर डेटाबेसशी पाचच कनेक्शनने जोडला असला तरी वापरकर्ते पाच होत नाहीत. त्या अ‍ॅप्लिकेशनच्या पलीकडे बसलेली सगळी माणसं मोजायची, आणि माणसाच्या मदतीशिवाय डेटा पाठवणारी उपकरणंही. लोकांसाठी खुल्या संकेतस्थळामागचा डेटाबेस असेल तर हा मार्ग विसरा.

आता सर्वात जास्त पाणी मुरतं ती जागा: ऑप्शन आणि पॅक, म्हणजे डेटाबेसवरच्या जादा सुविधा. डायग्नोस्टिक्स पॅक, ट्युनिंग पॅक, पार्टिशनिंग, अ‍ॅक्टिव्ह डेटा गार्ड यांचे परवाने वेगळे असतात आणि ते मूळ डेटाबेसच्या परवान्यांइतकेच घ्यावे लागतात. ८ परवान्यांच्या मशीनवर पार्टिशनिंग ११,५०० डॉलर दराने ९२,००० डॉलरला पडतं, डायग्नोस्टिक्स पॅक ७,५०० दराने ६०,००० ला. अडचण अशी, की सॉफ्टवेअर यातलं काहीच कुलूप लावून देत नाही. एंटरप्राइझ एडिशन बसवली की डायग्नोस्टिक्स आणि ट्युनिंग हे दोन्ही पॅक मुळातच चालू असतात. ‘कंट्रोल_मॅनेजमेंट_पॅक_अ‍ॅक्सेस’ या पॅरामीटरचं मूळ सेटिंगच तसं आहे. एखादा डीबीए सवयीने एडब्ल्यूआर अहवाल (डायग्नोस्टिक्स पॅकमधला, डेटाबेसच्या कामगिरीचा) काढतो आणि वापराची नोंद डेटाबेसमध्येच राहते.

म्हणून जुन्या डेटाबेसवर आजच ‘डीबीए_फीचर_युसेज_स्टॅटिस्टिक्स’ हा व्ह्यू चालवा आणि कोणत्या सुविधा वापरल्याची नोंद आहे ते पाहा. परवाना नसलेलं काही दिसलं, तर ते नव्या घरी नेऊ नका. क्लाउडवर नवा डेटाबेस बनवताना तो पॅरामीटर पहिल्याच मिनिटाला ‘नन’ करा, पॅकचा परवाना नसेल तर. १९सी आवृत्तीपासून एका कंटेनरमध्ये (मुख्य डेटाबेसमध्ये) ३ प्लगेबल डेटाबेस (आत बसवलेले छोटे डेटाबेस) मल्टिटेनंट या ऑप्शनच्या परवान्याशिवाय चालतात. चौथा बनू नये म्हणून ‘मॅक्स_पीडीबीज’ ३ वर बांधून ठेवा.

अमर्याद वापराचा करार, म्हणजे यूएलए, असलेल्या कंपन्यांसाठी एक गंभीर सूचना. त्या कराराखाली मान्यताप्राप्त क्लाउडवर हवं तेवढं चालवता येतं, पण धोरणपत्रानुसार करार संपताना होणाऱ्या अंतिम मोजणीत क्लाउडवरचा वापर धरता येत नाही. म्हणजे मुदतीच्या आधी सगळा डेटाबेस क्लाउडवर नेलात, तर हाती उरणाऱ्या कायमच्या परवान्यांची संख्या त्या प्रमाणात घटते. यूएलएची अखेरची तारीख आणि स्थलांतराचं वेळापत्रक एकाच पानावर मांडून पाहा.

तुलनेसाठी: ओरॅकलच्या स्वतःच्या क्लाउडवर एंटरप्राइझ एडिशनचा १ परवाना २ ओसीपीयूंना पुरतो, म्हणजे ४ व्हीसीपीयूंना. इतरांच्या क्लाउडच्या दुप्पट. अझ्युर, गूगल आणि अ‍ॅमेझॉनच्या डेटासेंटरमध्ये ओरॅकलची एक्साडेटा यंत्रं बसवून दिल्या जाणाऱ्या सेवाही आता आहेत आणि तिथे ओरॅकलच्या क्लाउडचेच नियम चालतात. आरएसी क्लस्टर (अनेक मशीनवर मिळून चालणारा एकच डेटाबेस) लागत असेल, तर साध्या व्हर्च्युअल मशीनऐवजी याच दिशेने पाहा.

पायरी ५: एसक्यूएल सर्व्हर

मायक्रोसॉफ्टची मोजणी सोपी आहे, अटी मात्र तारखांच्या आहेत. व्हर्च्युअल मशीनवर १ व्हीसीपीयूला १ कोअर परवाना, आणि प्रत्येक मशीनला किमान ४. त्यामुळे २ व्हीसीपीयूची चार छोटी मशीन चालवलीत, तर ८ व्हीसीपीयूंसाठी १६ कोअर परवाने मोजावे लागतात. तेच डेटाबेस ८ व्हीसीपीयूच्या एका मशीनवर एकत्र आणले, तर ८ पुरतात. छोट्या मशीनची गर्दी करू नका.

स्वतःचा परवाना दुसऱ्याच्या क्लाउडवर न्यायचा तर सॉफ्टवेअर अश्युरन्स, म्हणजे परवान्यावर वेगळी घेतलेली मायक्रोसॉफ्टची देखभाल योजना, चालू हवी. तिच्यासोबत ‘लायसन्स मोबिलिटी’चा हक्क येतो आणि अनेक ग्राहकांत वाटलेल्या हार्डवेअरवर परवाना वापरता येतो. यासाठी पडताळणीचा अर्ज क्लाउडवर वापर सुरू केल्यापासून १० दिवसांच्या आत मायक्रोसॉफ्टकडे पाठवायचा असतो. हा अर्ज पुष्कळजण विसरतात. एकदा एका ठिकाणी नेमलेला परवाना साधारण ९० दिवस तरी दुसरीकडे हलवता येत नाही, तेव्हा ‘आज इथे, उद्या तिथे’ असं करता येणार नाही.

सॉफ्टवेअर अश्युरन्स नसेल तर १ ऑक्टोबर २०१९ ही तारीख महत्त्वाची आहे. त्या दिवसापासून अलिबाबा, अ‍ॅमेझॉन, गूगल आणि स्वतः मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांना ‘सूचीबद्ध प्रदाते’ ठरवलं गेलं. त्या तारखेनंतर अश्युरन्सशिवाय घेतलेले परवाने यांच्या समर्पित हार्डवेअरवरही नेता येत नाहीत. खरेदीच्या बिलावरची तारीख आता कळीची ठरते ती यामुळेच. यादीत नसलेल्या प्रदात्यांसाठी मायक्रोसॉफ्टने १ ऑक्टोबर २०२२ पासून नियम बरेच सैल केले. लहान क्लाउड कंपनीकडे जाणार असाल तर ते नक्की वाचा.

विंडोज सर्व्हरला लायसन्स मोबिलिटी नाही. एसक्यूएल सर्व्हरचा परवाना स्वतःचा नेला, तरी अझ्युरबाहेर खालच्या विंडोजचं भाडं सहसा क्लाउड कंपनीला द्यावं लागतं. अंदाजपत्रकात ही ओळ राहून जाते. डेटाबेसला विंडोजची गरजच नसेल, तर २०१७ च्या आवृत्तीपासून एसक्यूएल सर्व्हर लिनक्सवरही चालतो, हे लक्षात असू द्या.

अझ्युरवर जात असाल तर हायब्रिड बेनिफिट मिळतो, म्हणजे हातातला परवाना तिथे वापरून भाडं कमी करता येतं. स्थलांतर चालू असताना जुन्या आणि नव्या अशा दोन्ही ठिकाणी तोच परवाना १८० दिवस वापरायची मुभाही त्यात आहे. ते १८० दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा.

पायरी ६: डीबी२

आयबीएमबद्दल थोडक्यात. व्हर्च्युअल मशीनला दिलेल्या क्षमतेपुरतेच पैसे भरायचे असतील, तर आयबीएमचं लायसन्स मेट्रिक टूल बसवणं ही अट आहे. पहिल्या वापरापासून ९० दिवसांत ते चालू हवं, दर तिमाहीला अहवाल निघायला हवा आणि ते अहवाल दोन वर्षं जपायला हवेत. टूल नसेल, तर आयबीएम पूर्ण भौतिक क्षमतेचा हिशेब मागू शकतं. अ‍ॅमेझॉनच्या आरडीएसवर डीबी२ स्वतःच्या परवान्याने चालवताना आयबीएमचा ग्राहक क्रमांक आणि साइट क्रमांक पॅरामीटर ग्रुपमध्ये भरावा लागतो. हे दोन्ही क्रमांक आधीच शोधून ठेवा. छोटं काम असेल तर डीबी२ ची कम्युनिटी आवृत्ती कोअर आणि मेमरीच्या ठरावीक मर्यादेपर्यंत विनाशुल्क आहे.

पायरी ७: राखीव प्रत, चाचणी आणि विकासाची मशीन

मुख्य मशीन मोजून लोक थांबतात. खरा आकडा वाढतो तो त्याच्या मागे उभ्या असलेल्या मशीनमुळे.

ओरॅकलमध्ये डेटा गार्डची स्टँडबाय (राखीव प्रत) पूर्ण परवान्यासहच हवी, ती नुसती बसून असली तरी. आरडीएसवर मल्टी-एझेडचा चौकोन टिक केलात, की दुसऱ्या झोनमध्ये दिसत नसलेली एक प्रत तयार होते आणि तिलाही तेवढेच परवाने लागतात. त्या एका टिकने परवान्यांची संख्या दुप्पट होते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये सॉफ्टवेअर अश्युरन्स चालू असेल, तर निष्क्रिय दुय्यम प्रतीला वेगळा परवाना लागत नाही. पण त्या प्रतीवरून अहवाल काढायला सुरुवात केली, की ती निष्क्रिय राहत नाही. अहवाल बनवणाऱ्या संघाला हे आधी सांगून ठेवा, कारण रिकाम्या बसलेल्या मशीनकडे त्यांचं लक्ष हमखास जातं.

विकास आणि चाचणीसाठी एसक्यूएल सर्व्हरची डेव्हलपर आवृत्ती विनाशुल्क आहे, फक्त खऱ्या कामासाठी वापरायची नाही. ओरॅकलमध्ये चाचणीच्या मशीनलाही सर्वसाधारणपणे परवाना लागतो. संकेतस्थळावरून उतरवताना मान्य केलेला विकासकांचा परवाना अ‍ॅप्लिकेशन बनवण्या-तपासण्यापुरता मर्यादित आहे. लहान प्रयोगांसाठी ओरॅकलची फ्री आवृत्ती आहे: २ सीपीयू थ्रेड, २ जीबी मेमरी आणि १२ जीबी डेटा, आणि ती प्रत्यक्ष कामातही चालते.

पायरी ८: आता मशीन निवडा

सगळं मोजून झाल्यावर मशीनच्या यादीकडे या. पाहाल तेव्हा किमतीच्या रकान्याआधी एका व्हीसीपीयूमागे किती मेमरी मिळते ते पाहा. बहुतेक डेटाबेसना मेमरी आणि डिस्कचा वेग हवा असतो, कोअर नव्हे.

समजा तुम्हाला २५६ जीबी मेमरी हवी आहे. अ‍ॅमेझॉनवर आर६आय घराण्यात तेवढ्यासाठी ३२ व्हीसीपीयूचं ८एक्सलार्ज मशीन घ्यावं लागतं, कारण तिथे दर व्हीसीपीयूला ८ जीबी मिळते. एक्स२आयईडीएन घराण्यात दर व्हीसीपीयूला ३२ जीबी, म्हणून ८ व्हीसीपीयूच्या २एक्सलार्जमध्येच २५६ जीबी येते. ओरॅकल एंटरप्राइझ एडिशनचे परवाने पहिल्याला १६, दुसऱ्याला ४. फरक १२ परवान्यांचा, दरपत्रकानुसार ५,७०,००० डॉलरचा. आधी जुन्या सर्व्हरवर वर्षभरातला, महिनाअखेरचा आणि वर्षअखेरचा सीपीयू वापर तपासा. तो ८ व्हीसीपीयूत बसत असेल, तर निवड झालीच.

काही क्लाउड मोठ्या मशीनमधले थोडेच कोअर चालू ठेवायची सोय देतात. अझ्युरवर त्यासाठी वेगळे आकारच आहेत, उदाहरणार्थ १६ व्हीसीपीयूच्या मशीनइतकी मेमरी पण ४ व्हीसीपीयूच चालू. अ‍ॅमेझॉनवर मशीन सुरू करताना कोअरची संख्या कमी करता येते. एसक्यूएल सर्व्हरसाठी ही सोय कामाची आहे. ओरॅकलच्या बाबतीत जपून. त्यांच्या धोरणपत्रात मशीनच्या प्रकारात उपलब्ध असलेले कमाल व्हीसीपीयू मोजायला सांगितलं आहे. कमी कोअरवर बेत आखायचा असेल तर ओरॅकलकडून लेखी उत्तर घ्या. आणि परवाने वाचवायला हायपरथ्रेडिंग बंद करू नका. १६ थ्रेडचे ८ परवाने, थ्रेड बंद केल्यावर ८ कोअरचेही ८ परवाने. हाती काही लागत नाही, उलट वेग जातो.

पायरी ९: मोजलेलं तसंच राहील अशी व्यवस्था करा

क्लाउडवर कोणीही अर्ध्या मिनिटात मशीन मोठं करू शकतं. म्हणून डेटाबेसच्या मशीनचा आकार बदलायचे अधिकार मोजक्या लोकांकडे ठेवा. डेटाबेस बसवलेल्या मशीन-प्रतिमा फक्त ठरावीक आकारांवरच चालू होतील असा नियम लावा. अ‍ॅमेझॉनच्या लायसन्स मॅनेजरमध्ये परवान्यांची मर्यादा टाकता येते आणि ती ओलांडणारं मशीन सुरूच होऊ देत नाही. आपोआप वाढणाऱ्या गटात परवाना लागणारा डेटाबेस कधीही ठेवू नका.

ओरॅकलच्या करारात प्रोसेसर मोजायचे ते सॉफ्टवेअर ‘बसवलेले किंवा चालू असलेले’. बंद करून ठेवलेलं मशीन या व्याख्येत येऊ शकतं. ज्याची गरज नाही ते नुसतं थांबवू नका, डेटाचा बॅकअप घेऊन काढून टाका.

प्रत्येक मशीनवर उत्पादन, आवृत्ती आणि कोणत्या ऑर्डरमधला परवाना वापरला, याचे टॅग लावा. दर महिन्याला सगळ्या मशीनची यादी आपोआप निघून साठवली जाईल असं करा. दोन वर्षांनी ऑडिटचं पत्र येतं, तेव्हा ‘त्या मार्चमध्ये कोणतं मशीन किती आकाराचं होतं’ याचं उत्तर आठवणीतून देता येत नाही.

पायरी १०: जुने सर्व्हर आणि सपोर्टचं बिल

स्थलांतर झालं की जुन्या सर्व्हरवरून डेटाबेस सॉफ्टवेअर काढून टाका, त्याची तारीख आणि पुरावा ठेवा. एकच परवाना दोन्हीकडे वापरला जाण्याचा काळ, करारात मुभा नसेल तर, शून्य हवा. त्यामुळे बदलीच्या आठवड्यांसाठी तात्पुरते परवाने लागतील का, हे आधी विचारून घ्या. काही विक्रेते मुदतीचे परवाने देतात.

परवाने उरले, तर सपोर्टचं बिल तेवढ्याने कमी होईल असं गृहीत धरू नका. ओरॅकलच्या सपोर्ट धोरणात एका संचातले काही परवाने सोडले, तर उरलेल्यांचा दर नव्याने ठरतो आणि मूळ सूट जाऊ शकते. कधीकधी निम्मे परवाने सोडूनही बिल फारसं उतरत नाही. म्हणून सपोर्ट नूतनीकरणाच्या तारखेच्या किमान तीन-चार महिने आधी हा विषय काढा, कोणत्या ऑर्डरमधले परवाने एकत्र संपवता येतील ते पाहा, आणि विक्रेत्याच्या प्रतिनिधीने फोनवर जे सांगितलं ते त्याच दिवशी ई-मेलने त्याच्याकडून कायम करून घ्या.